दादांची मोटार

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी तिची चौकशी किती करावी, या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात दोन प्रकारे दिले जात असे. आमचे वडील साधी छत्री घ्यावयाची झाली तरी तीन दुकाने पाहत, चौथ्या दुकानदाराशी पावसाविषयी बोलत, आणि बहुधा जुन्याच छत्रीला नवी काडी बसवून घरी परत येत. आमच्या मातोश्रींचे मत असे की, चौकशी करून घेतलेली वस्तू आणि न करता घेतलेली वस्तू या दोन्ही सारख्याच दिवसांनी मोडतात; फरक एवढाच की, पहिलीच्या पायी आपण अगोदर पायपीटही केलेली असते. आमच्या वडील बंधूंनी, म्हणजे दादांनी, मातोश्रींचा स्वभाव उचलला आणि आम्ही वडिलांचा. त्यामुळे २०१८ सालच्या मे महिन्याच्या सुटीत दादांनी आम्हांस कॉव्हेंट्रीस बोलावून घेतले आणि "मला एक मोटार घ्यायची आहे, तू जरा नीट तपासून दे," असे सांगितले, तेव्हा ऐकणाऱ्यास आश्चर्य वाटावे. आम्हांस वाटले नाही; कारण कट अगोदरच शिजला होता.

तो शिजविला होता वहिनींनी. आम्ही पुण्याहून निघण्यापूर्वी आठ दिवस त्यांचा फोन आला होता. "भाऊजी, तुम्ही या. ह्यांना नको म्हटलं की हे हट्टाला पेटतात, म्हणून मी नको म्हणत नाही. तुमच्याकडूनच तपासून घ्या, असं मी त्यांच्या मनात भरवलंय. तुम्ही चौकशी सुरू करा, आणि ती संपू देऊ नका, म्हणजे झालं." आमचा पोटापाण्याचा विषय इंग्रजी वाङ्मय असला तरी हौस जुन्या पोथ्यांची, आणि एका लहानशा पोथीचे पाठभेद जुळविण्यात आम्ही अकरा वर्षे घालविली, हे वहिनींस ठाऊक होते. त्यांनी माणूस अचूक हेरला होता. आयुष्याची पुंजी एका उघड्या, दोन माणसांच्या, छप्पर असून नसल्यासारख्या मोटारीत घालविण्यास निघालेल्या एकोणसत्तर वर्षांच्या नवऱ्याला आवरण्याचा याहून सभ्य मार्ग आम्हांसही दिसेना.

मोटार कोणती, हे विचारावे लागले नाही. आमचे वडील शाळेत चित्रकला शिकवीत. त्यांच्या मेजावरच्या काचेखाली रद्दीतून आलेल्या कोणत्याशा विलायती मासिकाचे एक पान कायमचे ठेवलेले असे. ताटाएवढे दोन दिवे, लांबच लांब बॉनेट, कोपर बाहेर काढता यावे म्हणून खाली कापलेले दरवाजे, पुढे आडवी पडणारी काच आणि पाठीमागे उघडीच बसविलेली पेट्रोलची टाकी. आम्ही त्या गाडीस 'नाकाडी' म्हणत असू. वडिलांस मोटारीचे काहीच प्रेम नव्हते, एस. टी. खेरीज दुसऱ्या मोटारीत ते क्वचितच बसले असतील. त्यांचे प्रेम होते मडगार्डच्या रेषेवर. पुढच्या चाकावरून उचलून, दरवाजाखालून वाहत जाऊन मागच्या चाकावर पुन्हा चढणारी ती रेषा ते फळ्यावर खडू न उचलता काढीत आणि मुलांस म्हणत, "हात थांबला की रेषा मेली." दादा १९७२ साली यंत्रकामाची पदविका घेऊन विलायतेस निघाले तेव्हा आम्ही सहा वर्षांचे होतो. पुढे वडील वारल्यावर वाटणीचा विषय निघाला, तेव्हा दादांनी ते पान तेवढे मागून घेतले.

ती गाडी म्हणजे एस. एस. जॅग्वार १००. विल्यम लायन्स या गृहस्थांनी १९२२ साली ब्लॅकपूल येथे एका भागीदारासह मोटारसायकलींच्या साइडकार बनविण्याचा धंदा काढला, १९२८ साली तो कॉव्हेंट्रीस हलविला, आणि १९३५ च्या अखेरीस ही गाडी लोकांपुढे ठेवली. शंभर हा आकडा ताशी शंभर मैलांचा. अडीच लिटर इंजिनाची गाडी त्या आकड्याच्या किंचित अलीकडेच दमत असे; पुढे साडेतीन लिटरचे इंजिन आले तेव्हा नाव सार्थ झाले. पहिलीची किंमत ३९५ पौंड आणि दुसरीची ४४५. इतक्या थोड्या पैशांत इतके सौंदर्य मिळते हेच पुष्कळांच्या डोळ्यांत खुपले, आणि त्या काळच्या खानदानी मोटारवाल्यांनी तिला उथळ ठरविले. महायुद्धाने तिचे उत्पादन थांबविले; तोवर सुमारे तीनशे गाड्या तयार झाल्या होत्या. हिटलरच्या पथकांनी 'एस. एस.' ही अक्षरे बाटविल्यामुळे १९४५ साली कारखान्याने ती टाकून नुसते 'जॅग्वार' हे नाव धारण केले. आज त्या तीनशेंपैकी एखादी लिलावात आली की तिचे मोल लाखो पौंडांच्या भाषेत सांगितले जाते. निवृत्त फिटरने तिच्याकडे संग्रहालयाच्या दोरीबाहेरून पाहावे, इतकेच.

म्हणून प्रतिकृती. इंग्लंडात हा एक स्वतंत्र संसार आहे. लहान लहान कारखाने नव्या पोलादी नळ्यांची चासी आणि फायबरग्लासचे अंग तयार करून देतात. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल ही एखाद्या थकलेल्या जॅग्वार एक्स. जे. सिक्समधून काढून घ्यावयाची, आणि मग रविवारमागून रविवार खपून घरच्या गॅरेजात सारे जुळवावयाचे. या छंदाला सरकारने न कळत खतपाणी घातले, ही मौज सांगण्यासारखी आहे. १९७३ पर्यंत तिकडे तयार मोटारीवर खरेदी-कर असे, सुट्या भागांवर नसे. मात्र भागांबरोबर जुळणीच्या सूचना देता येत नसत. तेव्हा लोटस कंपनीने आपल्या 'सेव्हन' या गाडीबरोबर ती सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचाव्या, असे सुचविले, अशी कथा सांगतात. त्या गाडीच्या वंशातील एक गाडी आपल्या अलिबागजवळच्या चिंकारा कारखान्यानेही काढली होती, हे आम्ही दादांस मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि पुन्हा नाकाडीवर आले.

वहिनींचा पहिला आक्षेप सराफी स्वरूपाचा होता. "खोट्या दागिन्याला कोणी सोन्याचा भाव देतं का?" दादांचे म्हणणे असे की, दागिना खोटा नाही, घडणावळ तीच आहे. या वादात आम्ही प्राध्यापकी पांडित्य घातले. मिलिंद राजाला नागसेनाने विचारले होते की, महाराज, आपण रथातून आलात, तर आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला, आणि शेवटी 'रथ' हे त्या साऱ्या जुळणीला दिलेले केवळ नाव आहे, असे ठरले. वहिनी म्हणाल्या, "त्या राजाने रथाचे पैसे भरले होते की नाही, ते सांगा."

गंमत अशी की, ब्रिटिश सरकारचे मोटार-नोंदणी खाते नागसेनाइतके विरक्त नव्हते. एका गाडीचे भाग दुसरीत गेले म्हणजे जुना क्रमांक कोणाकडे राहावा, यासाठी त्या काळी त्याने गुणपद्धती ठरविली होती. मूळ चासीला किंवा एकसंध सांगाड्याला पाच गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला फक्त एक. उत्तीर्ण होण्यास आठ. ज्याच्या आवाजावर माणसे भाळतात त्या इंजिनाला एकच गुण मिळालेला पाहून आम्हांस फार समाधान वाटले. आमच्या महाविद्यालयात वक्तृत्वाला याहून अधिक मिळतात.

पहिली गाडी आम्ही एका शेतावरच्या कोठारात पाहिली. रंग गर्द हिरवा, पितळ झगझगीत, विकणारा गोड बोलणारा. दादा दोन पावले मागे सरून उभे राहिले, आणि आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून घाबरलो. सत्तरीला आलेल्या माणसाचा चेहरा इतका उघडा असू नये. तेव्हा गाडीखाली जाणे आम्हांसच प्राप्त होते. पावडर कोटिंग हा चासीचा पोशाख. तो नवा असला म्हणजे आतले अंग नवे आहे असे नव्हे. मागच्या बाजूच्या नळीवर रंगाला फुगवटे आले होते. नखाने खरवडताच तांबूस भुकटी हातावर पडली. मग आम्ही टेपने पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी माप घेतले. डावीकडून आणि उजवीकडून पाऊण इंचाचा फरक. गाडीने कधी तरी जबर धडक खाल्ली होती आणि कोणी तरी ती सुंदर रीतीने झाकली होती. परत येताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. चाळीस वर्षे हजाराव्या भागापर्यंत इंच मोजण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या दादांनी टेप घरीच ठेवली होती. ती आमच्या खिशात होती.

दुसऱ्या गाडीचे अंग निर्दोष होते. खोट कागदांत होती. नोंदणीपुस्तकात ती '१९७४ ची एक्स. जे. सिक्स' म्हणूनच नांदत होती, आणि चाळीस वर्षे उलटल्यामुळे हिला कर नाही, वार्षिक तपासणी नाही, असे विकणारा अभिमानाने सांगत होता. परंतु एक्स. जे. सिक्सचे अंग आणि सांगाडा एकसंध असतात. तो सांगाडा तर केव्हाच भंगारात गेला होता. पाच गुण गेले, आणि नुसत्या बाकीच्या बेरजेने त्या खात्याचे समाधान होत नसे. नवी चासी घातलेल्या गाडीने नव्याने तपासणी देऊन आपल्या खऱ्या रूपाने नोंद करून घ्यावयास हवी होती. ती न केल्यामुळे उद्या अपघात झाला तर विमावाला कोणत्या गाडीचे पैसे देणार? अस्तित्वात नसलेल्या सलूनचे? आम्हांस भाऊसाहेबांच्या तोतयाची आठवण झाली. १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेब पडले, आणि पुढे एक माणूस त्यांच्या नावाने उभा राहिला; त्याच्यामागे लोक गेले, किल्ले गेले, आणि १७७६ साली त्याला देहान्त प्रायश्चित्त मिळाले. तो भाऊसाहेबांसारखा दिसत होता, हा त्याचा अपराध नव्हता. प्रतिकृती आणि तोतया यांतला भेद चेहऱ्यात नसतो. हे दादांस पटले, आणि वहिनींनी त्या रात्री आम्हांस श्रीखंड वाढले.

तिसऱ्या गाडीविषयी लिहिताना हात जड होतो.

ती एका निवृत्त शिक्षकाने सात वर्षे खपून बांधली होती. त्याने आमच्या पुढ्यात एक फुगलेली फाइल ठेवली. तीत तेलकट पावत्या, चुकीच्या मापाच्या बोल्टांची परत पाठविल्याची पत्रे, प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, आणि एका छायाचित्रामागे 'भोक चुकीच्या जागी. पुन्हा केले' असा शेरा. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, त्या कामाकडे आम्ही आयुष्यभर भक्तीने पाहत आलो आहो. त्या शास्त्राचा एक संकेत आहे की, दोन पाठांपैकी जो अवघड, खडबडीत, तोच बहुधा जुना आणि खरा. गुळगुळीत पाठ मागाहून कोणी तरी घासलेला असतो. या फाइलीला तो नियम तंतोतंत लागू पडत होता. सरकारी तपासणीचा २०११ सालचा दाखला होता. त्या तपासणीत बाहेर आलेल्या प्रत्येक धारेची गोलाई मोजतात. म्हणून पुष्कळ बांधणारे तेवढ्या दिवसापुरत्या रबराच्या किनारी चिकटवितात आणि दाखला हाती पडताच सोलून काढतात. आमचे विद्यार्थी तोंडी परीक्षेनंतर शेक्सपिअरचे असेच करतात. या गृहस्थाने धारा खरोखरच घासून गोल केल्या होत्या.

इंजिन ४.२ लिटरचे. त्या घराण्याचे पहिले इंजिन १९४८ साली जन्मास आले, म्हणजे मूळ नाकाडी बंद पडल्यावर. आजोबांच्या छातीत नातवाचे काळीज बसविल्यासारखा हा प्रकार. परंतु आजोबांचे ब्रेक सळयांनी ओढले जात, नातवाबरोबर हायड्रॉलिक ब्रेक आले होते, तेव्हा आमची तक्रार नव्हती. चासी कोरडी, माप दोन्ही बाजूंनी सारखे, कागद स्वच्छ. चौकशी संपली होती. चौकशी संपू द्यावयाची नाही असे आम्ही वचन दिले होते, आणि आता काय करावे या विवंचनेत असतानाच दादा दरवाजाकडे पाहत म्हणाले, "अरे, ही दाराची कड तुला वाकडी दिसते का रे?"

कड ओळंब्यासारखी सरळ होती. आम्ही पाहिली, आणि म्हणालो, "होय, किंचित."

त्या दोन शब्दांवर ती गाडी राहिली. फायबरग्लासचा साचा चुकला असेल, दुसऱ्या कोणास दाखवू, मूळच्या कारखान्यास पत्र घालू, असे म्हणता म्हणता जून लागला, आमचे महाविद्यालय उघडले आणि आम्ही परत आलो. जुलैत ती दुसऱ्या कोणी घेतली. वहिनींनी फोनवर आभार मानले. आपण एका कुटुंबाची पुंजी वाचविली, अशा समजुतीत आम्ही ते वर्षभराचे तास घेऊ लागलो.

डिसेंबरात पुन्हा वहिनींचाच फोन आला. दादांस दारांच्या चौकटी, खिडकीचे गज, वर्तमानपत्राच्या ओळी, साऱ्या सरळ रेषा मध्येच वाकलेल्या दिसू लागल्या होत्या. दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा विकार. एका डोळ्यात बळावलेला, दुसऱ्यात सुरू. डोळ्यांत सुया घ्याव्या लागत होत्या. तिकडे मोटार हाकणाऱ्यास वीस मीटरांवरून दुसऱ्या गाडीच्या क्रमांकाची पाटी वाचता आली पाहिजे, आणि सत्तरी पुरी होताच परवाना नव्याने मागावा लागतो. दादांनी तो मागितलाच नाही. "डॉक्टर म्हणाले, हे उन्हाळ्यातच सुरू झालं असणार," वहिनी सांगत होत्या. "आधी कुठे वाकडं दिसलं होतं का, असं विचारत होते. हे म्हणाले, नाही."

आम्ही फोन ठेवला आणि बराच वेळ पोथ्यांच्या कपाटापुढे उभे राहिलो.

पुढच्या मार्चात, आम्ही न विचारता, वहिनींनी कळविले, "भाऊजी, आता चौकशी पुरे. या, आणि घेऊन टाका." २०१९ च्या मे महिन्यात आम्ही चौथी गाडी पाहिली. तिची तपासणी आम्ही एका दिवसात उरकली. टेप लावली, खाली शिरलो, नोंदणीपुस्तकातले नाव आणि सांगाड्यावरचा क्रमांक ताडून पाहिले, आणि विम्याची रक्कम अगोदर ठरवून लिहून घेतली. उणिवा होत्या. डावा दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे, पेट्रोलचा काटा मनास येईल ते सांगे, आणि रंगाखाली एके ठिकाणी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्या. वहिनींनी सारे ऐकून घेतले आणि धनादेशावर स्वतः सही केली. मग, सराफाच्या दुकानातून उठताना विचारावे तशा, त्यांनी विचारले, "आणि ह्या चिरा वाढणाऱ्या का?" वाढणाऱ्या नव्हत्या.

दादा मात्र गाडीच्या पुढे गेले. मान एका बाजूस कलती करून, डोळ्याच्या कडेने, पाखरे पाहतात तसे त्यांनी तिच्याकडे पाहिले. "मधेच तुटल्यासारखी दिसते," ते म्हणाले. मग त्यांनी पुढच्या मडगार्डवर तळहात ठेवला आणि चालू लागले. हात चाकावरून उतरला, दरवाजाखालून गेला, त्यासाठी ते चांगलेच वाकले, आणि मागच्या चाकावर चढून टाकीपाशी थांबला. मध्ये कोठेही उचलला नाही.

गाडी हाकण्याचे काम आमच्याकडे आले. पाहुण्याला आपल्याकडचा परवाना तिकडे वर्षभर चालतो; परंतु पुण्याच्या रस्त्यांवर पद्मिनी हाकलेल्या माणसाला तेवढे लांब बॉनेट म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या प्रदेशात शिरल्यासारखे वाटते. दादा डाव्या बाजूस बसले. डोक्यावर वहिनींनी विणलेली टोपी, कोपर कापलेल्या दरवाजाबाहेर. वॉरिकशायरमधल्या त्या अरुंद रस्त्यांवर दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती असतात, त्यामुळे आवाज आदळून परत येतो. दादांनी डोळे मिटून घेतले होते. दोनचार मैल गेल्यावर आम्ही धीर करून बोललो. गेल्या वर्षीच्या त्या दाराच्या कडेविषयी एक गोष्ट सांगावयाची आहे, असे आम्ही म्हणालो. इंजिनाच्या आवाजात त्यांस ऐकू आले की नाही, कळले नाही.

"किती चाललीय?" त्यांनी विचारले.

म्हाताऱ्या माणसाला बरे वाटावे म्हणून आम्ही म्हणालो, "पन्नास."

"पंचेचाळीस," दादा डोळे न उघडता म्हणाले. "तुला खोटं कधीच नीट बोलता आलं नाही. तिसरा टाक, आणि जरा दाब."